बोला म्हणता, पण कुठे?

दर वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, सगळीकडून एकच सल्ला येतो : मनात साठवू नका, बोला. कॉलेजांत व्याख्यानं होतात, दवाखान्यांत पोस्टर लागतात, मोबाइलवर फुलापाखरांची चित्रं येतात. सल्ल्यात चूक काही नाही. फक्त तो देणाऱ्यांनी एखाद्या संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर किंवा अंबाझरी तलावाच्या बाजूला चक्कर मारून यावी. भुट्टे खाणाऱ्या गर्दीपासून जरा हटून, स्टँडवर लावलेल्या ॲक्टिव्हावर बसून, तोंडाला बांधलेला स्कार्फ न सोडता मुली फोनवर बोलत असतात. घंटा घंटा. काही जणी हसत असतात, त्यांचं ठीक आहे. काही जणी मात्र स्कार्फचं टोक डोळ्यांना लावत असतात. मुलं हेच काम अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये किंवा गच्चीवरच्या टाकीमागे करतात.

या सगळ्यांना बोलायचं आहे आणि बोलायला माणूसही आहे. नाही तो आडोसा. महाल भागातल्या जुन्या घरात दोन खोल्यांत तीन पिढ्या असतात. मनीषनगर-बेशाकडच्या नव्या टू बीएचकेत खोल्या आहेत, पण भिंती अशा की शेजारच्या खोलीतली उचकीही ऐकू यावी. होस्टेलवर एका खोलीत तिघी. लग्न झालेल्या बाईचा तर प्रश्नच वेगळा. तिच्या फोनला लॉक असलं की घरात पहिला सवाल येतो, ‘लॉक काहून लावलं?’

मला मांडायचं आहे ते एवढंच. जिवाभावाच्या एका माणसाला आपलं दुखणं गुपचूप सांगता येणं ही सोय आहे, आणि इतर सोयींसारखी ती कोणीतरी उभी करावी लागते, सांभाळावी लागते. शंभर-सव्वाशे वर्षं आपल्याकडे ही सोय बंद पाकिटातल्या पत्राने केली. ती आज एकीकडून घर आणि दुसरीकडून सरकार मोडत आहे, आणि त्याच वेळी दोघंही आपल्याला ‘बोला’ म्हणत आहेत.

पत्रात असं काय आहे जे फोनवर नाही? आंतर्देशीय पत्र घ्या. दर आजही अडीच रुपये. निळसर कागद, तीन घड्या, कडेला डिंकाची पट्टी, आणि आत काही घालू नये अशी छापील ताकीद. जागा मोजकीच. त्यामुळे लिहिणारा सुरुवातीला मोठ्या अक्षरात ऐसपैस लिहितो, हवापाणी, परीक्षा, कोणाचं लग्न ठरलं, आणि खरी गोष्ट यायला लागते तेव्हा कागद संपत आलेला असतो. मग अक्षर बारीक होतं. ओळी समासात चढतात, कागद आडवा फिरवला जातो, शेवटची दोन वाक्यं चिकटवायच्या पट्टीवर जातात. जुन्या पत्रांचा गठ्ठा ज्याने चाळला असेल त्याला ठाऊक आहे की महत्त्वाचं सगळं पट्टीवर असतं. फोनवर ती वेळ येतच नाही. ‘कसा आहेस?’, ‘मजेत’ इथेच गाडी अडते, कारण समोरचा लगेच उत्तराची वाट बघत असतो, आणि दुखणं सांगताना माणसाला आधी थोडं आडवळणाने जावं लागतं.

शिवाय पत्र लिहिताना समोरचा चेहरा दिसत नाही. त्याच्या कपाळावर आठी पडली का, त्याला कंटाळा आला का, हे कळत नाही, म्हणून वाक्य पुरं करता येतं. आणि टाकल्यापासून उत्तर येईपर्यंत चार-सहा दिवस जातात. त्या दिवसांत लिहिणारा तोच राहत नाही. रागाच्या भरात लिहिलेलं अर्धं तोवर निवलेलं असतं, आणि उत्तर येतं ते उरलेल्या, खऱ्या अर्ध्याला.

हे नुसतं जुन्या पिढीचं उसासे टाकणं नाही. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने सँड्रा बील हिच्यासोबत केलेला एक प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना ओळीने चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगाबद्दल लिहायला सांगितलं. दुसऱ्या गटाने किरकोळ विषयांवर लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांचं पुढच्या काही महिन्यांत विद्यापीठाच्या आरोग्यकेंद्रात जाणं दुसऱ्या गटापेक्षा कमी झालं. लिहिल्या लिहिल्या मात्र त्यांना बरं वाटलं नव्हतं, उलट मन जडच झालं होतं. यावर पुढे पुष्कळ काम झालं आणि परिणाम सगळीकडे सारखा दिसला असंही नाही. मला त्यातली जी गोष्ट कमी पडते ती वेगळी आहे. तिथे लिहिलेलं कोणा आपल्या माणसाला जाणार नव्हतं. डायरीला उत्तर येत नाही. मित्राला लिहिताना त्याला कळेल असं लिहावं लागतं, म्हणजे मागचं-पुढचं सांगावं लागतं, आणि आपल्याच गोंधळाला पहिल्यांदा क्रम येतो.

आपल्याच शहरातलं उदाहरण द्यायचं तर कवी गजानन माधव मुक्तिबोधांचं देता येईल. घरची भाषा मराठी, लिहिलं हिंदीत. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीतले मोठे कवी, नागपुरातच प्राध्यापक. गजानन माधव १९४८ साली नागपूरला आले आणि १९५८ मध्ये राजनांदगावला जाईपर्यंत इथेच होते. आधी सरकारी प्रसिद्धी खात्यात, मग आकाशवाणीवर, मग ‘नया खून’ साप्ताहिकात. नोकरी धड नाही, डोक्यावर कर्ज, घरात आजारपण. शहरात माणसांची वाण नव्हती, बैठका होत्या, चहाच्या टपरीवर रात्री रात्री वाद चालत. तरीही पैशाची चणचण, स्वतःबद्दलच्या शंका, जिवाची तगमग त्यांनी ज्यांच्याकडे मोकळी केली ते त्यांचे लेखक मित्र नेमिचंद्र जैन इथे नव्हते. ती पत्रं पुढे छापून आली म्हणून आपल्याला हे कळतं. टपरीवर कवितेवर भांडता येतं. किराणा दुकानदाराला तोंड चुकवून दुसऱ्या गल्लीतून घरी येतो, हे तिथे सांगता येत नाही, कारण उद्या त्याच टपरीवर बसायचं असतं. दूरच्या मित्राचा हा मोठा उपयोग आहे : तो आपल्या रोजच्या लाजेच्या हद्दीबाहेर असतो.

आता कोणी म्हणेल, जुन्या काळाचे गोडवे पुरे. खरंच पुरे, कारण तो काळ तितका गोड नव्हता. पोस्टकार्ड पोस्टमन वाचायचा, ओसरीवरचे वाचायचे, वाचता न येणाऱ्यांना दुसरा वाचून दाखवायचा. आंतर्देशीय पत्र बंद असलं तरी ते घरच्या कर्त्याच्या हाती पडायचं. माझी मोठी मावशी लग्न होऊन महालातल्या वाड्यात आली तेव्हा मामंजी टपाल घेऊन ओसरीवरच्या झोपाळ्यावर बसत आणि कोणाच्याही नावचं असो, फोडून मोठ्याने वाचत. सुनेच्या माहेरचं पत्र सगळ्या वाड्याने ऐकायचं. त्यात वाईट काही आहे असं त्यांना कधी वाटलं नाही, माणूसही दुष्ट नव्हते. मावशी शाळेत शिकवायची. तिची अमरावतीची मैत्रीण तिला शाळेच्या पत्त्यावर लिहायची, आणि मुख्याध्यापिकाबाई ते पाकीट न बोलता हजेरीपटात ठेवून द्यायच्या. ‘घरी चिडीचूप, आणि शाळेत येऊन रडून राहिली,’ असं बाई नंतर तिला चिडवायच्या. नोकरी नसलेल्या तिच्या जावेला मात्र असा दुसरा पत्ता नव्हता. तिने कोणाला लिहिलं, की लिहिलंच नाही, ते कोणालाच ठाऊक नाही.

म्हणजे पत्र होतं म्हणून गुप्तता आपोआप होती असं नाही. ती पत्ता असलेल्याला मिळाली. पुरुषाला ऑफिसचा पत्ता होता, बाईला क्वचित. म्हणूनच मी जुन्या कागदाची आरती ओवाळत नाही. जे थोड्यांना मिळालं ते सगळ्यांना मिळायला हवं होतं. झालं उलटंच, मिळत होतं तेही आता आटत चाललं आहे.

यात सरकारचा भाग मोठा आहे, आणि त्याची चर्चा मराठीत फारशी झाली नाही याचं मला नवल वाटतं. १८९८ च्या टपाल कायद्यात इंग्रजांनी पत्रं अडवण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवला होता, कलम २६. पण त्याच कायद्यात टपाल कर्मचाऱ्याने अधिकार नसताना पत्र फोडलं, दडवलं किंवा मुद्दाम लांबवलं तर दोन वर्षांपर्यंत कैद होती. १९८६ साली राजीव गांधींच्या सरकारने पत्रं तपासण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक संसदेत मंजूर करून घेतलं. राष्ट्रपती झैलसिंग यांनी त्यावर सही केली नाही आणि ते परतही पाठवलं नाही, नुसतं ठेवून दिलं. तो कायदा झालाच नाही. 

मग २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचं एकमताने सांगितलं. वाटलं, आता पत्राला अधिक कवच मिळेल. आला तो टपाल कायदा, २०२३. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेत मंजूर आणि १८ जून २०२४ पासून लागू. त्याच्या कलम ९ मध्ये पत्र अडवायची, उघडायची कारणं आहेत : राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था, आणीबाणी, सार्वजनिक सुरक्षितता, आणि याच किंवा दुसऱ्या कुठल्याही कायद्याचा भंग. शेवटच्या कारणात काय बसत नाही ते शोधून दाखवावं. फोन टॅपिंगवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली पाळायच्या अटी घालून दिल्या होत्या, तशा अटी या कायद्याच्या मजकुरात नाहीत. आणि पत्र फोडणाऱ्या कर्मचाऱ्याला कैद देणारं जुनं कलम गेलं, त्याच्या जागी काही आलं नाही. गुलामीच्या खुणा पुसायच्या म्हणून जुना कायदा काढला. खूण राहिली, तिच्यासोबतचा धाक तेवढा पुसला गेला.

सिव्हिल लाइन्समधल्या जीपीओत, म्हणजे मुख्य डाकघरात, बसलेली माणसं आपली पत्रं फोडून वाचतात, असं मला अजिबात म्हणायचं नाही. त्यांना तेवढा वेळही नाही. पण विश्वास ज्या व्यवस्थेवर ठेवायचा ती तुटली तर काय होईल, याचं उत्तर कायद्यात असावं लागतं. मला ते दिसत नाही.

दुसरा फटका १ सप्टेंबर २०२५ ला बसला. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा बंद करून ती स्पीड पोस्टात मिसळली. वर्तमानपत्रांनी हळवे लेख छापले, नोकरीचे कॉल लेटर वगैरे. मुख्य गोष्ट बाजूलाच राहिली. रजिस्टर्ड पत्र ज्याच्या नावाचं त्याच्याच हातात, किंवा त्याने लेखी नेमलेल्याच्या हातात, सही घेऊन देण्याची पद्धत होती. पत्त्यावर जो भेटेल त्याला नाही. वाड्यातल्या सुनेला सासऱ्याच्या डोक्यावरून घरपोच येणारी ही एकच सरकारी वाट होती. आता तीच हमी हवी असेल तर स्पीड पोस्टाचे पैसे भरून वर नोंदणीचे पाच रुपये आणि जीएसटी. स्थानिक सोडून बाकी ठिकाणी ५० ग्रॅमपर्यंतच्या स्पीड पोस्टाचा दर ऑक्टोबर २०२५ पासून ४७ रुपये आहे. विद्यार्थ्यांना दहा टक्के सवलत आहे, ती चांगली. तरी काटोल-नरखेडची जी मुलगी नागपुरात खोली करून राहते, महिन्याचा डबा हिशेबाने लावते, तिला मैत्रिणीच्याच हाती पडेल असं एक पत्र पन्नास रुपयांच्या वर पडतं. साधं पाकीट पाच रुपयांत जातं, पण ते कोणाच्या हाती पडेल याची हमी कोणी घेत नाही.

डेन्मार्कने तर २०२५ अखेरीला सरकारी टपालातून पत्र वाटपच बंद केलं, तिथे ते काम आता खासगी कंपनीकडे आहे. आपल्याकडेही तोट्याचं कारण देऊन कोणी हे सुचवेल तेव्हा, पत्र म्हणजे फक्त बिलं आणि नोटिसा, असा हिशेब मांडला जाणार. तो हिशेब आजच खोडून काढायला हवा.

‘पण व्हॉट्सॲप आहे ना?’ आहे. २०१६ पासून त्यावरचे संदेश वाटेत कोणाला वाचता येत नाहीत, हेही खरं. पण गळती तारेत नसते, हातात असते. स्क्रीनशॉट एका बोटाचं काम आहे. मैत्रीण विश्वासाची असेल, तिचा फोन तिच्या नवऱ्याच्या हातात असतो. कॉल रेकॉर्ड करणारी ॲपं आहेत. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नवरा-बायकोने एकमेकांचं गुपचूप रेकॉर्ड केलेलं बोलणं घटस्फोटासारख्या खटल्यात पुरावा म्हणून दाखल करता येईल, असा निकाल दिला. न्यायालयाची कारणं न्यायालयापाशी. घराघरांत त्याचा अर्थ एकच निघणार, की फोनवर जरा जपून. तारेवरचं बोलणं इतकं जपून करायचं असेल तर त्यातून मन काय मोकळं होणार? कागदाचंही रेकॉर्डच असतं, हे मान्य. पण कागद फाडता येतो, जाळता येतो, आणि त्याची प्रत कुठल्या सर्व्हरवर पडून राहत नाही.

हल्लीची पोरं चॅटबॉटला मन मोकळं करतात. रात्री दोनला उत्तर देणारं कोणी नसतं तेव्हा ते देतं, म्हणून मी त्यांना हसणार नाही. मात्र त्या संभाषणातून नातं तयार होत नाही, आणि त्याची नोंद कुठे व किती काळ राहते ते कंपनीला ठाऊक.

माझ्या म्हणण्याला सगळ्यांत वजनदार आक्षेप डॉक्टरांकडून येतो, आणि तो पूर्ण मान्य आहे. मित्र डॉक्टर नसतो. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार मनात घोळत असेल तर काही दिवसांनी पोचणाऱ्या पत्राच्या भरवशावर राहायचं नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, फुकट आहे, तो लावायचा. असं पत्र ज्याला येईल त्यानेही गुप्ततेचं पालुपद न लावता त्याच क्षणी फोन उचलायचा. उपचारात गुप्ततेला कायद्याचा आधारही आहे, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला तो हक्क दिला आहे. मित्राला असं कोणतंच कवच नाही. साक्षीपुराव्याच्या कायद्यात वकिलाला सांगितलेलं झाकलेलं राहतं, नवरा-बायकोतल्या बोलण्याला काही संरक्षण आहे, मैत्रीचा तिथे उल्लेखही नाही. तसा असावा असा माझा आग्रह नाही. मैत्रीला कायद्याची कलमं लावली की तिचीही एक संस्था होईल, पावती-शिक्क्यासकट.

पण डॉक्टरांपर्यंत जायच्या आधीचा रस्ता कसा असतो ते या शहरात राहणाऱ्याला सांगायला नको. प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून इथे आहे, मध्य भारतातली किती माणसं तिथून बरी होऊन गेली असतील. आणि त्याच्याजवळच्या चौकाला ऑटोवाले आजही ‘पागलखाना चौक’च म्हणतात. आपणही म्हणतो. ज्या गावात दवाखान्याचं नाव शिवीसारखं वापरलं जातं तिथे माणूस पहिल्याच दिवशी तिथली पायरी चढत नाही. आधी कोणालातरी विचारतो, ‘मला असं होऊन राहिलं, हे वेडेपण तर नाही ना?’ हा प्रश्न ज्याला विचारता येतो तो मित्रच असतो. हेल्पलाइन आणि मित्र यांत निवड करायची नाही, मित्राशिवाय हेल्पलाइन बहुतेकांना सापडतच नाही.

आणि विदर्भात तर चिठ्ठीचा विषय निघाला की छातीत कळ येते. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी कुटुंबासह आयुष्य संपवलं, आणि जाण्याआधी शेतीचे हाल लिहून ठेवले. तेव्हापासून आजवर अशा किती चिठ्ठ्या पंचनाम्याला जोडल्या गेल्या. कर्ज आणि कापसाचा भाव हे प्रश्न मैत्रीने सुटत नाहीत, ते सरकारनेच सोडवायचे आहेत, कोणी समुपदेशनाच्या आड त्यांना लपवू नये. तरी मला एक गोष्ट छळते. शेवटची चिठ्ठी सगळं राज्य वाचतं. त्याच माणसाने वर्षभर आधी कोणाला काही लिहावं, सांगावं, अशी जागा मात्र गावात नसते, कारण सांगितलं की बँकेच्या रांगेत आणि पारावर तेच. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत माणूस मूठ आवळत जातो.

मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. दहावीपर्यंत मुलं पत्रलेखन घोटून आलेली असतात : मागणीपत्र, विनंतीपत्र, आणि मित्राला अभिनंदनाचं पत्र. गुण मायन्याला, तारखेला, मांडणीला. एकदा वर्गात सरावासाठी अभिनंदनाचंच पत्र लिहायला दिलं होतं. एका मुलाच्या वहीत ‘तुझा पहिला क्रमांक आला हे वाचून फार आनंद झाला’ या ओळीखाली चार ओळी निळ्या पेनाने गिचमिड खोडलेल्या होत्या. खोडताना पान फाटायचं बाकी राहिलं होतं. वाचता येत होतं ते इतकंच, ‘आमच्याकडे मात्र बाबांचं इतवारीतलं’, आणि पुढे काळोख. त्याखाली पुन्हा सुवाच्य अक्षरात ‘तुझ्या उज्ज्वल भवितव्यासाठी शुभेच्छा’. मी त्याला एकट्याला बोलावून खोदून विचारलं नाही. ते मित्राला लिहिलेलं होतं, मला नव्हे, आणि खोडलं होतं म्हणजे कोणी वाचू नये हा हक्क त्याने बजावला होता. पुढच्या तासाला सगळ्या वर्गाला एक काम दिलं : ज्याला लिहावंसं वाटतं त्याला खरं पत्र लिहा, मला दाखवू नका, तपासणार नाही, गुण नाहीत. कोरी पाकिटं टेबलावर ठेवली. पहिला प्रश्न आला, ‘मॅम, परीक्षेत येते का हे?’ दुसरा प्रश्न, ‘मॅम, तिकीट कुठे लावायचं?’ पाकिटं मात्र सगळी गेली.

अभ्यासक्रमात यासाठी जागा करणं अवघड नाही. न तपासलं जाणारं लेखन असा प्रकार आपल्या शिक्षणखात्याला पचायला जड आहे, हे ठाऊक असूनही म्हणते. जे तपासलं जाणार आहे त्यात मूल खरं लिहीत नाही.

घराने काय करावं? एवढंच की दुसऱ्याच्या नावचं पाकीट फोडू नये आणि दुसऱ्याचा फोन उघडू नये. मुलगा असो, सून असो, म्हातारी आई असो. ‘आमच्यात काही लपवालपवी नसते’ असं जी घरं अभिमानाने सांगतात तिथे बहुतेक वेळा एकाचंच काही लपलेलं नसतं, आणि तो घरात सर्वांत लहान किंवा सर्वांत परका असतो.

सरकारकडे मागणं दोन गोष्टींचं आहे. अनधिकाराने पत्र उघडणाऱ्याला शिक्षा देणारं कलम परत आणावं, आणि नावाच्याच माणसाच्या हाती पडणारं एक साधं, स्वस्त पत्र ठेवावं, वेग नसला तरी चालेल. यात तोटा आहे, पण अडीच रुपयांच्या आंतर्देशीय पत्रातही तोटाच असणार आणि तरी ते अजून मिळतं आहे.

तिसरी गोष्ट तर नवी आणायचीही नाही. टपालखात्यात पूर्वापार एक सोय आहे, पोस्ट रेस्टांट. पत्रावर माणसाचं नाव आणि खाली डाकघराचं नाव लिहायचं. पत्र घरी जात नाही, डाकघरात थांबतं आणि तो माणूस ओळख पटवून घेऊन जातो. फिरस्त्यांसाठी, ज्यांना गावात पत्ता नाही अशांसाठी ती काढली होती. घरात पत्ता असून ज्यांना स्वतःचा पत्ता नाही, त्यांना तिची गरज आज जास्त आहे. जीपीओत, महाल-इतवारीच्या डाकघरांत, वाडी-हिंगण्याकडे जिथे कारखान्यातल्या मुली खोल्या करून राहतात तिथे, मराठीत एक ठळक पाटी लावा आणि ज्या काउंटरवर आधार आणि बचत खात्याची रांग असते त्यापासून ही खिडकी जरा बाजूला ठेवा. ओळखपत्र बघून पत्र द्यावं, ‘कोणाचं आहे?’ हे विचारू नये. याचा गैरफायदा घेतला जाईल, पळून जाणारी पोरं याच खिडकीवर येतील, असं कोणी म्हणणारच. येतील काही. मोबाइलवरूनही पोरं पळतात, म्हणून सिमकार्डं विकायची कोणी थांबवली नाहीत.